‘टक्’ म्हणाली आणि गप्प झाली

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात, हवेत गारवा येतो आणि केशवापूरच्या गल्ल्यांतून पहाटे एक ओळखीचा आवाज ऐकू येऊ लागतो. घर्र… घर्र… घर्र… आणि मग शांतता. पुन्हा घर्र. कुणाची तरी मोटार सुरू व्हायला तयार नसते. घरातले दोघे-तिघे शाल गुंडाळून बाहेर येतात, पेपर टाकणारा पोरगा सायकल भिंतीला टेकवतो आणि सगळे मिळून धक्का मारतात. गाडी एकदाची खोकत-खोकत सुरू झाली की मालक सर्वांना हात करून म्हणतात, ‘थंडीमुळे हो!’

थंडीवर ढकलले की विषय मिटतो, म्हणून आपण तसे म्हणतो. पण आपल्या हुबळीची थंडी ती केवढी! पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांवर उतरला की आपण कानटोप्या शोधतो; बॅटरी धडधाकट असेल तर तिला तेवढ्याने काही होत नाही. तिचे दुखणे जडलेले असते ते एप्रिल-मे महिन्यांत. बाहेर सदतीस-अडतीस अंश, बॉनेटखाली इंजिनाची धग वेगळी, अशा भट्टीत ती दोन महिने शिजते. आतले पाणी उडते, शिशाच्या जाळ्या गंजत जातात. तरीही उन्हाळाभर ती काम भागवते, कारण गरम हवेत इंजिनातले तेल पातळ असते आणि इंजिन सहज फिरते. डिसेंबरात तेल जरा जड होते, बॅटरीचा जोरही थोडा उतरतो आणि आतली कमजोरी उघडी पडते. मार उन्हाळ्यात बसतो आणि कळ थंडीत येते, असा हा प्रकार आहे.

तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. थंड देशात पाच-सहा वर्षे चालणारी बॅटरी आपल्याकडे तीन-चार वर्षांत थकते ती यामुळेच. पाचवे वर्ष लागलेली बॅटरी रोज गाडी सुरू करून देत असेल तर तिचे कौतुक जरूर करावे, पण तिच्या भरवशावर मुलीच्या लग्नाच्या खरेदीला बेळगावला जाऊ नये.

मुळात ही वस्तू आहे तरी काय? प्लॅस्टिकच्या खोक्यात सहा कप्पे, प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी घातलेले गंधकाम्ल. एका कप्प्यातून दोन व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाब मिळतो. सहांचा मिळून साडेबारा-पावणेतेरा. फ्रान्समधल्या गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाने १८५९ साली पहिली अशी बॅटरी बनवली आणि आजही आपल्या बॉनेटखाली मूळ मसाला तोच आहे. मोटारीत इंजिन सुरू करण्याचे काम तिच्याकडे आले ते १९१२ साली, चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीला बसवला गेला तेव्हा. त्याआधी सगळा हँडलचा कारभार. आपल्याकडेही जुन्या अँबॅसिडर आणि फियाटबरोबर हँडल मिळत असे. पन्नाशी ओलांडलेल्या कित्येक वाचकांना त्या हँडलने मनगटाला दिलेला उलटा झटका अजून आठवत असेल. आता हँडल गेले, आणि ऑटोमॅटिक गाड्या तर धक्का मारूनही सुरू होत नाहीत. पेपरवाल्या पोराने कितीही जोर लावला तरी उपयोग नाही.

केशवापुरात हा विषय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, तो इथल्या घरांमुळे. रेल्वेतून, बँकेतून, कॉलेजातून निवृत्त झालेली मंडळी. मुले पुण्याला, बेंगळूरला, काहींची त्याहून लांब. दारात एक लहान मोटार, तिच्यावर स्वच्छ कव्हर. ती बाहेर निघते रविवारी दुर्गद बैलापर्यंत भाजीला, नाहीतर मुलगा येणार असेल त्या दिवशी स्टेशनवर. ‘गाडी वापरतोच कुठे आम्ही? बॅटरी कशी खराब होईल?’ हे वाक्य मी किती घरांत ऐकले असेल!

खराब होते ती न वापरल्यामुळेच. गाडी बंद असली तरी घड्याळ, चोरघंटा, रिमोटची वाट पाहणारे कुलूप, आतला संगणक हे सगळे थोडी-थोडी वीज पीत असतात. हा खर्च पन्नास मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला सव्वा अँपिअर-तास जातो. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी असते पस्तीस अँपिअर-तासांची. म्हणजे दोन आठवडे गाडी उभी राहिली की निम्मी बॅटरी नुसत्या उभे राहण्यात संपली! अर्धवट रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक बसतात, ते हळूहळू कडक होतात आणि मग कितीही चार्ज केले तरी पूर्वीची ताकद परत येत नाही. २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा महिना-दोन महिने कव्हराखाली राहिलेल्या किती गाड्या नंतर नुसत्या ‘टक्’ म्हणाल्या, ते आपण गल्लोगल्ली पाहिले आहे.

यावर घरोघरी एक उपाय चालतो. रोज सकाळी पोर्चमध्ये गाडी पाच मिनिटे सुरू ठेवायची आणि बंद करायची. याने पेट्रोल जळते, शेजाऱ्यांच्या नाकात धूर जातो आणि बॅटरीला फारसे मिळत नाही. जुन्या रेल्वेचा अनुभव असलेल्यांना हे लगेच पटेल. पूर्वी डब्याखालचा डायनॅमो चाकाच्या आसावर फिरायचा आणि डब्यातली बॅटरी चार्ज करायचा. गाडी सिग्नलला फार वेळ अडकून पडली की दिवे पिवळे पडायचे, पंखे सुस्तावायचे. वेग घेतला की डबा पुन्हा उजळायचा. मोटारीतला अल्टरनेटर इंजिनावर फिरतो, म्हणून जागेवरही थोडे देतो. पण भरभरून देतो ते इंजिन वेगात फिरू लागल्यावर. तेव्हा रोजच्या पाच मिनिटांपेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा अर्धा-पाऊण तास गाडी नीट चालवावी. शनिवारी नुग्गीकेरीच्या मारुतीला जाऊन यावे. देवदर्शन होते आणि बॅटरीचेही पोट भरते.

बॅटरीची कटकट हा नुसता खर्चाचा प्रश्न नव्हे, हे दोन वर्षांपूर्वी आमच्याच रांगेत कळले. रात्री दोनच्या सुमारास एका घरातल्या अज्जींच्या छातीत कळ आली. घरात त्या आणि त्यांचे पंचाहत्तरीचे यजमान, दोघेच. यजमानांनी किल्ली फिरवली, गाडी ‘टक्’ म्हणाली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. दहा मिनिटे त्या किल्लीशी झटापट करण्यात गेली. शेवटी शेजारच्या सुनेने १०८ ला फोन लावला, रुग्णवाहिका आली आणि अज्जी वाचल्या. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बॉनेट उघडले, एक नजर टाकली आणि म्हणाला, ‘ब्याटरी होगैत्रि!’ बॅटरीवरची तारीख पाहिली तर पाच वर्षे उलटून गेली होती. यजमान म्हणाले, ‘गेले महिनाभर जरा कुरकुरत होती खरी.’

ती महिनाभराची कुरकुर ऐकायला शिकणे, एवढेच आपल्याला करायचे आहे. बॅटरी क्वचितच न सांगता जाते.

पहिली खूण आवाजाची. निरोगी गाडी किल्ली फिरवताच एका दमात सुरू होते. तोच आवाज लांबू लागला, जिन्यावरून वर येताना म्हातारा माणूस मध्ये थांबतो तसा स्टार्टर मध्ये रेंगाळू लागला, की समजावे. रोज चालवणाऱ्याच्या कानाला हा फरक कळत नाही, कारण तो दिवसादिवसाने होतो. महिन्यातून एकदा गाडी चालवणाऱ्या मुलाला किंवा जावयाला विचारावे, तो लगेच सांगेल. दुसरी खूण उजेडाची. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट लावावेत आणि सेल्फ मारावा. प्रकाश किंचित मंदावणे ठीक. विझू-विझू झाला तर बॅटरी दमली आहे. हॉर्नचा गळा बसणे, काचा जड चालणे, घड्याळाची वेळ आपोआप बदलणे ही त्याच घराण्यातली लक्षणे.

तिसरी खूण डोळ्यांची. बॉनेट उघडून पाहायला हरकत काय आहे? इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालण्याचे काम आपल्याकडे बहुतेक घरांत बाईच करते. मग मोटारीचे बॉनेट तेवढे पुरुषांनीच उघडायचे, असे काही नाही. बॅटरीच्या कडा फुगल्या असतील, खोक्याला चीर असेल, ओल झिरपत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर विचार करत बसू नये; ती बदलायचीच. वास येत असताना जवळ काडी ओढू नये, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आणि वाकण्यापूर्वी हातातल्या बांगड्या, गळ्यातली लोंबती साखळी काढून ठेवावी. दोन टोकांना धातू एकदम टेकला तर तो क्षणात लालबुंद होतो.

पण टोकांवर नुसते पांढरे-निळसर पीठ साचले असेल तर नव्या बॅटरीची घाई नको. निम्म्या वेळा दुखणे तेवढेच असते. गाडी बंद करून आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह तार सोडावी, मग लाल. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या दातघासणीने टोके घासावीत, पुसून कोरडी करावीत, पुन्हा जोडताना लाल आधी आणि काळी शेवटी. वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. नट घट्ट हवा. तार हाताने हलत असेल तर किल्ली फिरवल्यावर ‘टक्’च ऐकू येणार.

दुसरा गैरसमज डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल चित्राचा. गाडी चालू असताना ते पेटले तर लोक बॅटरी बदलून घेतात आणि दोन दिवसांनी नवी बॅटरीही बसते. ते चित्र सांगत असते की बॅटरीला वीज मिळत नाही. दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असतो.

घरात दिवा चालू राहिल्याची गोष्टही नीट समजून घ्यावी. हेडलाइट रात्रभर राहिले तर नवीकोरी बॅटरीही सकाळी मेलेली सापडेल. जुन्या पद्धतीचे दोन दिवे मिळून नऊ अँपिअर खातात, चार तासांत पस्तीस अँपिअर-तास संपतात. अशा वेळी रात्रभर चार्जिंगला लावावी, बदलायची गरज नाही. पण छताचा एवढासा दिवा रात्रभर राहिला म्हणून गाडी सुरू झाली नाही, तर त्या दिव्याला दोष देऊ नये. पाच वॅटचा तो दिवा दहा तासांत जेमतेम चार अँपिअर-तास घेतो. तेवढेही ज्या बॅटरीला झेपले नाही, तिचे दिवस भरले आहेत.

ज्यांना आकड्यांत समाधान वाटते त्यांनी साधा मल्टिमीटर आणावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सुरू करण्यापूर्वी मोजावे. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे तळ गाठलेला. बाहेरून फिरून आल्या-आल्या मोजू नये, तेव्हा आकडा फुगलेला दिसतो. मग एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने काट्याकडे बघावे. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली घसरला तर बॅटरीत दम नाही. इंजिन सुरू झाल्यावर तो बहुतेक गाड्यांत पावणेचौदा ते साडेचौदापर्यंत चढायला हवा. न चढल्यास पुन्हा अल्टरनेटरकडे बोट. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच कोसळते, असेही होते. दिसायला टवटवीत, पण वजन उचलता येत नाही. यासाठीच दुकानात ‘लोड टेस्ट’ करतात.

आता दुकानाविषयी दोन शब्द. अर्धवट उतरलेली चांगली बॅटरीसुद्धा त्या यंत्रावर नापास होते. माझ्या ओळखीच्या एका घरात पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची दोन वर्षांची बॅटरी एका दुकानदाराने यंत्र लावून दोन मिनिटांत निकालात काढली. घरातल्या काकूंनी हट्टाने ती रात्रभर चार्जिंगला ठेवायला लावली आणि ती पुढे दीड वर्ष चालली. म्हणून ‘आधी पूर्ण चार्ज करा, मग तपासा’ असे स्पष्ट सांगावे. उलट बाजूने, चार वर्षे झालेल्या बॅटरीला चार्ज करून-करून आणखी एक उन्हाळा ओढण्याचा काटकसरीपणाही मला पटत नाही. घरात वृद्ध माणूस असेल, आजारी कुणी असेल, गरोदर लेक बाळंतपणाला आलेली असेल, तर लक्षणांची वाट न पाहता चौथे वर्ष संपताना बॅटरी बदलून टाकावी. तिथे वर्षभराची बचत फार महाग पडू शकते.

शेजाऱ्याच्या गाडीवरून तारा लावून सुरू करायची वेळ आली तर क्रम लक्षात ठेवावा: लाल तार आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि तिचे शेवटचे टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनावर, बॅटरीपासून दूर, उघड्या धातूला. मोठ्या ट्रकवरून मात्र तारा लावू नयेत. तिथे बहुधा २४ व्होल्ट असतात आणि आपल्या गाडीतला संगणक जळतो. सुरू झालेली गाडी अर्धा-पाऊण तास चालवून बंद केल्यावर संध्याकाळी पुन्हा ‘टक्’ म्हणत असेल, तर फिरून तारा शोधण्यापेक्षा सरळ तपासणीला न्यावी.

नवी घेताना बनवल्याची तारीख विचारावी. तीन महिन्यांपेक्षा जास्त दुकानात पडलेली नको. हमीपत्रावर ‘२४ अधिक २४ महिने’ असे लिहिलेले असते, त्याने फसू नये. पहिल्या चोवीस महिन्यांत बॅटरी फुकट बदलून मिळते. पुढच्या चोवीस महिन्यांत फक्त नव्या बॅटरीच्या किमतीत सूट. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते. स्वस्त मिळते म्हणून साधी बसवली तर लवकर मरते. विजेवर चालणारी गाडी घेतलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. तिच्यातही मोठ्या बॅटरीखेरीज बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते आणि ती मेली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर दोन महिन्यांतून एकदा, उन्हाळ्यात दर महिन्याला, पाणी पाहावे. पट्ट्या बुडालेल्या हव्यात. घालायचे ते दुकानातले डिस्टिल्ड वॉटर. नळाचे नको आणि एसीतून ठिबकणारेही नको. आम्ल तर घरी कधीच घालू नये.

राहिली जुनी बॅटरी. तिचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते, म्हणून भंगारवाला दारात येऊन चार पैसे जास्त देऊ करतो. त्याला देऊ नये. अशा बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळवतात आणि ते शिसे धुळीतून मुलांच्या पोटात जाते. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय वस्तीत २००७-०८ च्या सुमारास याच धंद्याने अठरा मुलांचा जीव घेतला. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत कारखान्यांकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेतो त्याच दुकानात जुनी द्यावी, बिलात तिची किंमत वजा करून घ्यावी. आणि नेताना ती डिकीत उभीच ठेवावी, खाली जाड प्लॅस्टिक अंथरून. आडवी पडली तर आम्ल सांडते, आणि डिकीच्या गालिच्याला पडलेले ते भोक कुठल्याच रफूवाल्याला बुजवता येत नाही.